पाच मिलीलिटरची टाकी, तेरा आठवड्यांची गळती

आई-बाबांच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि जानेवारीअखेर जागा रिकामी करायची होती. शनिवार, ६ जानेवारी २०२४ ला मी माळा उपसायला गेले. पितळी भांडी, सतरंज्या, जुनी लाइट बिलं, आणि या सगळ्याच्या मागे एक पत्र्याचा डबा. डब्यात बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक इंजिन निघालं. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडंसंच मोठं. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर जेमतेम ४५ ग्रॅम.

हे कॉक्स कंपनीचं ‘बेब बी ०४९’. कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे बनलेलं. ०४९ म्हणजे ०.०४९ घन इंच, आपल्या हिशेबात ०.८ सीसी. स्पार्क प्लग नाही. डोक्यावर तारेचं बारीक वेटोळं असलेलं ‘ग्लो हेड’ असतं. सुरू करताना त्याला दीड व्होल्टचा सेल लावायचा, तार लाल होते, आणि एकदा इंजिन धरलं की सेल काढून घ्यायचा. टाकी वेगळी नाही, इंजिनाच्या पाठीलाच चिकटलेली. बाबांच्या आतेभावाने १९७५ साली अमेरिकेहून येताना आणलं होतं. बाबा तेव्हा एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, मॉडेल विमानं उडवायचे. विमानाला बांधलेल्या दोन तारा हातात धरून, स्वतःभोवती गोल फिरत.

हे इंजिन जगभर लाखांनी खपलं. त्यामुळे आपल्याकडेही अनेकांच्या माळ्यावर असं एखादं पडलेलं असणार, आणि ते चालवायला घेतलं की पहिली गोष्ट होणार ती म्हणजे गळती. मला तेरा आठवडे लागले. तुम्हाला कमी लागावेत म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

सुरुवातीला पंखा हलतच नव्हता. याच्या इंधनात एरंडेल असतं. इंजिन तसंच ठेवलं की एरंडेल आधी मधासारखं घट्ट होतं आणि वर्षानुवर्षांनी लाखेसारखं कडक. बाबांनी बजावलं, “पक्कड लावायची नाही. जोर केलास तर आतला दांडा वाकेल.” मग हेअर ड्रायरने दहा मिनिटं शेकायचं, एक्झॉस्टच्या खिडकीतून शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब सोडायचे, रात्रभर ठेवायचं, असा क्रम धरला. तिसऱ्या दिवशी रात्री पंखा अर्धा इंच सरकला. थोड्या वेळाने एक अख्खी फेरी झाली, आणि दाब अजून आहे हे बोटाला कळलं. बाबांच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटून दोन फेऱ्या फिरवल्या आणि म्हणाले, “जिवंत आहे.”

आता इंधन. ग्लो इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. मिथेनॉल आणून घरीच मिसळावं असा माझा विचार होता. १३ जानेवारीला रसायनांच्या दुकानात गेले तर दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “परवाना आहे का?” मिथेनॉल विषारी आहे, गावठी दारूत त्याची भेसळ होऊन माणसं दगावली आहेत, त्यामुळे त्याच्या विक्रीवर परवान्याचं बंधन आहे. त्याने दिलं नाही आणि ते बरोबरच केलं. मग रिमोटच्या गाड्या-विमानांच्या दुकानातून तयार इंधन घेतलं, एक लिटरला १,२५० रुपये. हे कुरिअरने मागवता येत नाही, कारण ज्वलनशील आहे. रेल्वेतूनही न्यायचं नाही. बाहेरगावी असाल तर आपल्या वाहनानेच आणायची तयारी ठेवा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. दुकानात मिळालं ते गाड्यांसाठीचं इंधन होतं. त्यात १६ टक्के नायट्रो, पण तेल फक्त १२ टक्के आणि तेही कृत्रिम. या जुन्या इंजिनांना तेल २० टक्क्यांच्या आसपास लागतं आणि त्यातलं साधारण निम्मं एरंडेल असावं. पिस्टनच्या दांड्याचं टोक गोळीसारखं असतं आणि ते पिस्टनमधल्या खाचेत फिरतं. तो सांधा तेलावरच जगतो. हिशेब असा केला : ५०० मिली इंधनात तेल ६० मिली. त्यात ५० मिली एरंडेल घातलं की एकूण ५५० मिलीत तेल ११० मिली, म्हणजे बरोबर २० टक्के. औषधाच्या दुकानातलं शुद्ध एरंडेल घेतलं. सुगंधी केशतेल चालत नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी. झेंडावंदन करून आल्यावर आमच्या गच्चीवर पहिला प्रयत्न केला. सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, कारण इंजिन एवढंसं असलं तरी आवाज कर्कश असतो. इंजिन लाकडी फळीवर स्क्रूने बसवलं, फळी टेबलाला शिकंजात धरली. पाच मिलीच्या इंजेक्शनच्या सिरिंजने टाकी भरली. बेब बीची टाकी पाच मिलीचीच असते, त्यामुळे सिरिंज हे त्याचं नैसर्गिक मापच.

सेल लावला, एक्झॉस्टच्या खिडकीत दोन थेंब टाकले, पंख्याला स्प्रिंग अडकवून सोडली. तिसऱ्या खेपेला इंजिन भुर्रकन तीन सेकंद चाललं आणि बंद पडलं. परत दोन थेंब, परत तीन सेकंद. म्हणजे वरून टाकलेल्या थेंबांवर चालत होतं, टाकीतून काही येत नव्हतं. आणि खाली पाहिलं तर फळी ओली. सिरिंजने टाकीतलं इंधन परत ओढून घेतलं तर दोनच मिली निघालं. दहा मिनिटांत तीन मिली गेलं होतं. थोडं उडून गेलं असेल, पण एवढं नाही.

बाबांनी त्या दिवशी मला एक जुनी वही दिली. म्हणाले, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललं काय आणि झालं काय, दोन्ही लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर बरं झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही.” पुढचं सगळं त्या वहीतून उतरवलं आहे.

२८ जानेवारी, रविवार. गळती नेमकी कुठून ते शोधायचं. इंजिनाभोवती इंधन पसरलं की सगळंच ओलं दिसतं, उगम कळत नाही. बाबांनी टीपकागदाच्या बोटभर पट्ट्या कापायला सांगितल्या. एक पट्टी टाकी आणि मागची झाकणासारखी चकती, म्हणजे बॅकप्लेट, यांच्या जोडावर. दुसरी टाकी आणि क्रँककेस, म्हणजे आत दांडा फिरतो तो पुढचा भाग, यांच्या जोडावर. तिसरी इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या मुळाशी. चौथी पुढे, पंख्यामागे. टाकी भरली आणि घड्याळ लावून बसलो. चाळीस सेकंदांत पहिल्या पट्टीवर खालच्या कोपऱ्यात एक टिकली उमटली आणि पसरत गेली. चार मिनिटांनी दुसरी पट्टी ओली झाली. तिसरी आणि चौथी कोरडी. हे काम गच्चीवर, हातमोजे घालून करा. मिथेनॉल त्वचेतूनही अंगात जातं आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. आसपास उदबत्तीसुद्धा नको.

मागचे लांब स्क्रू बॅकप्लेट आणि टाकीतून जाऊन थेट क्रँककेसमध्ये बसतात, सगळी मोट त्यांनीच बांधलेली असते. ते कोपऱ्यासमोरचा कोपरा असे, थोडे थोडे आवळले. स्कूटरच्या चाकाचे नट आवळतात तसेच. एक स्क्रू नुसता फिरत होता, त्याचे आटे निम्मे गेले होते. तरी बाहेरची गळती बरीच कमी झाली : दहा मिनिटांत तीन मिलीच्या जागी अर्धा मिली. मला वाटलं, झालं काम. इंजिन लावलं. तीन सेकंद, आणि बंद.

तेव्हा बाबा जे म्हणाले त्यावर पुढचे दोन महिने गेले. “बाहेर गळतं ते दिसतं गं. आत हवा कुठून घुसते ते बघ. इंधन बाहेर जायला जी फट पुरते, तीच हवा आत यायला पुरते.”

हे समजायला इंजिन कसं पितं ते माहीत हवं. मागच्या बाजूने हवा एका नळीत, म्हणजे वेंचुरीत शिरते. तिथेच सुईपाशी एका बारीक भोकातून इंधन ओढलं जातं. टाकीच्या तळाशी एक मऊ नळी सोडलेली असते, तिच्यातून ते इंधन वर येतं. हवा आणि इंधन मिळून एका पातळ पात्यावरून, म्हणजे रीडवरून, क्रँककेसमध्ये जातात. पातं एकाच दिशेला उघडतं, आत येऊ देतं, परत जाऊ देत नाही. या वाटेवर कुठेही केसाएवढी फट असली तरी इंजिन इंधनाऐवजी हवा ओढतं, कारण हवा ओढणं सोपं असतं.

४ फेब्रुवारीला टाकी उघडली. मोठ्या परातीत पांढरा पंचा अंथरला आणि त्यावरच काम केलं. आत रीड धरून ठेवणारी तारेची बारीक कडी असते, ती सुटली की उडते, आणि परातीत पडली तर सापडते. सिलिंडरला हात लावला नाही. तुम्हाला काढायचाच असेल तर त्याचा वेगळा पाना मिळतो. एक्झॉस्टच्या खिडकीत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवू नका, कड दुमडली की पिस्टन गेला.

आत तीन गोष्टी दिसल्या. टाकी आणि क्रँककेसमधलं कागदी पॅकिंग बिस्किटाच्या चुऱ्यासारखं झालं होतं, बोट लावताच गळून पडलं. रीड म्हणजे तांबूस, नखाहून पातळ पातं, एरंडेलाच्या लाखेने अर्धं चिकटलेलं. आणि टाकीतली नळी काळी, कडक, मध्ये उभी चिरलेली. बाबांनी ती चिमट्यात धरून पाहिली. “ही सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. मीच घातली होती, शहात्तर साली. मूळची नळी कडक झाली म्हणून बदलली होती.” चीर नळीच्या मध्यावर होती. म्हणजे इंधन त्या चिरेच्या खाली गेलं की इंजिन हवाच पिणार.

रीड इंधनातच चार तास भिजवलं, मऊ कुंचल्याने पुसलं, काचेवर ठेवून सपाट आहे ना ते पाहिलं. त्याला नखानेसुद्धा वाकवायचं नाही. परत बसवल्यावर सुईच्या टोकाने हलवलं तर ते जागच्या जागी सहज फिरलं पाहिजे. रीड नीट बसत नसेल तर इंजिन मागच्या भोकातून इंधन थुंकतं आणि आपल्याला वाटतं टाकी गळते आहे. हा फरक टीपकागदाने कळत नाही. बंद इंजिनात गळत नसेल आणि चालू असतानाच पाठ ओली होत असेल, तर आधी रीड पाहा.

सुटे भाग ५ फेब्रुवारीला कॅनडातल्या एका विक्रेत्याकडे मागवले : पॅकिंगचा संच, नवीन रीड, नळी, स्क्रूंचा संच आणि ग्लो हेडखाली बसणाऱ्या तांब्याच्या चकत्या. टपालखर्चासह ४२ कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण २,६०० रुपये.

पार्सल २७ फेब्रुवारीला देशात पोचलं आणि कस्टम्सपाशी थांबलं. ५ मार्चला पत्र आलं : ओळखपत्राची प्रत, खरेदीची पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तूंचा वापर काय ते लेखी कळवा. पाकिटावरच्या वर्णनात ‘एअरप्लेन इंजिन पार्ट्स’ असं लिहिलं होतं, त्यामुळे चौकशी होणं साहजिकच. मी एका पानाचं पत्र लिहिलं : इंजिन ०.८ सीसीचं, खेळातल्या मॉडेल विमानाचं, वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही. सोबत इंजिनाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढलेला फोटो जोडला. त्या फोटोने काम सोपं झालं असं मला वाटतं. शुल्क आणि टपालाची फी मिळून १,२१२ रुपये भरले आणि २१ मार्चला पार्सल हातात आलं. मागवतानाच विक्रेत्याला ‘हॉबी मॉडेल स्पेअर’ असं स्पष्ट लिहायला सांगा, आणि पावतीची छापील प्रत काढून ठेवा. एकूण साडेसहा आठवडे.

पण तोवर नुसतं बसायचं नव्हतं. गॅरेजच्या सामानाच्या दुकानातून पॅकिंगचा कागद आणला, तीस रुपये. क्रँककेसच्या कडेला पेन्सिलीचं शिसं चोळून कागदावर ठसा घेतला आणि ब्लेडने कापलं. पहिलं जाड झालं, अर्ध्या मिलिमीटरचं. स्क्रूंना आत पकडायला आटे पुरेनात. दुसरं पातळ कागदाचं बरं बसलं. टाकीची कडही एका जागी किंचित उठलेली होती. काचेच्या तुकड्यावर हजार नंबरचा वॉटर पेपर ठेवून, तेल लावून, इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने टाकी घासली. आधी फक्त दोन जागी चकाकी आली. वीसेक मिनिटांनी अख्ख्या कडेवर एकसारखी फिरली, तेव्हा थांबले.

तांब्याच्या चकतीसाठी मात्र तांबट आळी गाठली. ग्लो हेडखालची जुनी चकती दाबून दाबून कडक झाली होती आणि एका बाजूने काळी पडली होती. कसबा पेठेतल्या एका कारागिरांना दाखवली. नखाएवढी चकती त्यांनी चिमट्याने ज्योतीत धरली, लाल झाली तशी पाण्यात टाकली. “तांबं ठोकून कडक होतं, तापवलं की मऊ. आता बसेल बघा.” मग चिंचेच्या पाण्यात घालून पुसली, तशी लख्ख गुलाबी झाली. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. चिंच फक्त सुट्या तांब्याला चालते, अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला लावू नका. कपडे धुण्याचा सोडाही नको, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि खरवडल्यासारखं होतं.

नवीन नळी अजून आली नव्हती. म्हणून माशांच्या टाकीच्या दुकानातली बारीक सिलिकॉन नळी तात्पुरती घातली, पॅकिंग घरचं, चकती तापवलेली. २५ फेब्रुवारीला इंजिन वीस सेकंद चाललं. पण उलटं! रीडची इंजिनं दोन्ही दिशांनी सारख्याच आनंदाने फिरतात, हे मला तेव्हा कळलं. वारा पुढे आला, बाबांच्या चेहऱ्यावर इंधनाचा फवारा उडाला, आणि ते म्हणाले, “वास तोच आहे.” चष्मा घातलेला होता म्हणून बरं. चष्म्याशिवाय जवळ उभं राहायचं नाही, आणि पंख्याच्या पातळीत तर मुळीच नाही.

वीस सेकंदांनी परत तेच. सुई उघडा, मिटवा, काही फरक नाही. सुई फिरवून इंजिनाला काही कळतच नसेल, तर ते सुईवाटे येणाऱ्या इंधनावर नाही, दुसऱ्याच कशावर चाललं आहे.

१० मार्चला बुडबुड्यांची परीक्षा घेतली. या अख्ख्या खटाटोपात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या एका तासाने, म्हणून सविस्तर लिहिते. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवली. सुई हलक्या हाताने मिटवली. टाकीला दोन नळकांड्या असतात, एक भरायची, एक हवा जायची. एकीवर मेणासारखी माती दाबून बसवली, दुसरीला नळी लावून सिरिंज. तोंडाने फुंकायचं नाही, टाकीत मिथेनॉलचा अंश असतो. स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी घेतलं, इंजिनाची पाठ पाण्यात बुडवली आणि सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबला.

टाकीच्या कडेवरून काही आलं नाही. घासल्याचं सार्थक झालं. क्रँककेसच्या जोडावर एक मोहरीएवढा बुडबुडा बराच वेळ चिकटून राहिला आणि सुटला. आणि मागच्या हवेच्या भोकातून बुडबुड्यांची माळ निघाली, एकामागून एक, थांबेचना.

मी म्हटलं, सुई मिटत नाही. बाबा म्हणाले, “खात्री कर.” मग टाकी परत उघडली, आतल्या नळीला थेट सिरिंज जोडली, सुई मिटवली, आणि बॅकप्लेट तेवढी पाण्यात धरून दाबलं. एकही बुडबुडा नाही. दट्ट्या हाताला घट्ट लागला. सुई उत्तम मिटत होती. म्हणजे टाकीतली हवा सुईवरून न जाता दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने वेंचुरीत जात होती. ती वाट आम्हा दोघांनाही दिसेना. वहीत त्या दिवशी शेवटी लिहिलं आहे : “टाकी ते वेंचुरी, थेट. कुठून?”

उत्तर २१ मार्चच्या पार्सलमध्ये होतं. पॅकिंगच्या संचात मोठ्या पॅकिंगबरोबर एक अगदी लहान कडी निघाली, मसुराच्या डाळीएवढी, मध्ये भोक. मी विचारलं, “बाबा, ही कुठे बसते?” त्यांनी भिंगातून पाहिली, बॅकप्लेट हातात घेतली, टाकीच्या मधून जाणाऱ्या वेंचुरीच्या नळीच्या टोकाशी ती धरून पाहिली. बरोबर तिथेच बसली. वेंचुरीचं तोंड आणि बॅकप्लेट यांच्यामधला सांधा बंद करणारी ती कडी. ती नसेल तर टाकीतलं इंधन सुईला वळसा घालून सरळ हवेच्या नळीत झिरपतं, आणि टाकीतल्या फटीवाटे हवाही तशीच ओढली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही.

आमच्या इंजिनात ती नव्हती. तुकडेही नव्हते.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शहात्तर साली नळी बदलताना मी टाकी उघडली होती. ही तेव्हा बॅकप्लेटला चिकटून आली असणार आणि पडली असणार. अशी काही कडी असते हेच मला माहीत नव्हतं.” १९७७ च्या जानेवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी या इंजिनावरचं विमान उडवून दाखवायचं ठरलं होतं. तीन फेऱ्या झाल्या, इंजिन बंद पडलं, विमान मैदानात नाकावर आदळलं. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा उभं केलं नाही. मला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की सुई चुकीची लावली गेली. “मी सुई जास्त मिटवली असं सगळे म्हणाले. मलाही तेच वाटायचं.” त्यांनी कडी परत पुडीत ठेवली, पुडीची घडी घातली, आणि म्हणाले, “उद्या सकाळी उजेडात बसवू.”

२२ मार्चला सकाळी त्यांनीच बसवली. बोटाच्या टोकाला एरंडेलाचा थेंब लावून तिच्यावर टेकवला की कडी बोटाला चिकटते आणि अलगद जागेवर ठेवता येते. नवीन पॅकिंग, नवीन नळी, नवीन स्क्रू. नळीचं टोक टाकीच्या तळाच्या कोपऱ्यात हवं. तारांवर गोल फिरणाऱ्या विमानात इंधन बाहेरच्या अंगाला फेकलं जातं, तेव्हा टोकही बाहेरच्या अंगालाच वळवायचं. रीड जुनंच ठेवलं, कारण ते आता ठीक होतं आणि एका वेळी एकच शंका मिटवायची होती.

बुडबुड्यांची परीक्षा परत. मागच्या भोकातून काही नाही. फक्त सुई तीन फेऱ्या उघडल्यावर, भोकावर बोट दाबून धरलं तेव्हा, सुईच्या आट्यांमधून बारीक बुडबुडे आले. ही या इंजिनांची जुनी खोड आहे. उपाय सोपा : सुईच्या मुळावर इंधनाच्या नळीचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा असा चढवायचा की तो सुईला आणि तिच्या बुंध्याला दोन्हीकडे घट्ट बसेल. सुई फिरते, हवा शिरत नाही. खर्च शून्य.

पाण्यात बुडवलेलं इंजिन तसंच ठेवू नका. सगळं सुटं करून पुसलं, ड्रायरने वाळवलं, तेल सोडलं. ही आळसाची जागा नाही, पोलाद एका रात्रीत गंजतं.

मध्ये दोन आठवडे बँकेतली मार्चअखेरची कामं, त्यामुळे रविवार, ७ एप्रिल उजाडला. गच्चीवर तीच फळी, सहा इंची पंखा, टॉर्चचा मोठा सेल. पाच मिली भरलं. दहा मिनिटं तसंच ठेवून परत ओढलं तर पावणेपाच मिलीच्या वर निघालं. तेच परत भरलं. दोन थेंब, सेल, स्प्रिंग.

दुसऱ्या खेपेला लागलं. सेल काढला. तीन सेकंद गेले, पाच गेले. बाबांनी सुई हळूहळू मिटवायला घेतली आणि आवाज बदलत गेला. आधी भरडा, थुंकल्यासारखा, मग एकसंध, मग कानात घुसणारा. सुईचं ऐकत होतं! साडेतीन फेऱ्यांवर त्यांनी हात काढला. इंजिन टाकी संपेपर्यंत चाललं, दोन मिनिटं वीस सेकंद. शेवटी इंधन संपताना आवाज एकदम चढला आणि थांबला. गच्चीभर एरंडेलाचा वास. शेजारच्या इमारतीतून दोन मुलं कठड्यावरून वाकून बघत होती.

बाबांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, “किती?” मी सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : ७-४-२४, पूर्ण टाकी, २ मि. २० से., सुई ३॥. खाली एक ओळ सोडून : १९७७, सुईचा दोष नव्हता.

एक गळती अजून आहे. पंख्यामागून, दांड्याभोवती काळपट तेलाची कड येते. तिथे बेअरिंग साधं असल्यामुळे थोडं तेल येणारच, आणि ती कड तिथलं वंगण म्हणून कामाचीच असते. थेंब पडायला लागले तर क्रँककेस झिजली असं समजायचं, पण आमचं तिथवर आलेलं नाही. पुसायचं आणि सोडून द्यायचं.

एकूण खर्च : इंधन १,२५०, भाग २,६००, शुल्क १,२१२, एरंडेल, सिरिंज, नळी, कागद आणि सेल मिळून तीनशेच्या आत. साडेपाच हजारांच्या आतबाहेर. काम संपल्यावर दर वेळी टाकी रिकामी करून, सुई उघडी ठेवून, मागच्या भोकातून आणि एक्झॉस्टमधून मशीनच्या तेलाचे थेंब सोडते, पंखा दहा फेऱ्या हाताने फिरवते आणि इंजिन परत त्या डब्यात ठेवते. बनियनचा तुकडा तेवढा बदलला आहे.

काल बाबांनी बाल्सा लाकूड कुठे मिळतं ते विचारलं. दीड मिलिमीटरची फळी हवी आहे, चार इंच रुंद.